वणवा, उसाचं पाचट की आखातातली धूळ? उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायचं कसं (बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर)

कणकुंबीसडा (धागाकर्ता)

फेब्रुवारी ते मे या दिवसांत आपल्याकडचं आकाश पांढुरकं होतं आणि व्हॉट्सॲपवर लाल ठिपक्यांचे नकाशे फिरू लागतात. ठिपका दिसला की "भीमगड पेटलं", ठिपका नसला की "दुबईची धूळ आली". या दोन्ही निष्कर्षांनी नुकसान होतं. पहिल्यामुळे वनखात्याची माणसं नको तिथे धावतात, दुसऱ्यामुळे खरा वणवा दोन दिवस कुणी बघत नाही. म्हणून तपासणीची पद्धत एका जागी लिहून ठेवू. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्याने ते घालावं.

सुरुवात नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळापासून. खातं लागत नाही, फोनवरही चालतं. आधी साधं रंगीत चित्र उघडा, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. सकाळचं टेरा उपग्रहाचं घ्या आणि दुपारचं व्हिअर्स उपकरणाचं (सुओमी एनपीपी, नोआ-२० किंवा नोआ-२१). एकाच दिवसाची ही दोन चित्रं शेजारी ठेवली की पट्टा कुठून कुठे सरकला ते कळतं. धूर निळसर-राखाडी दिसतो आणि एका टोकाला निमुळता होत उगमाकडे जातो. धूळ पिवळसर-तपकिरी असते, तिला असं टोक नसतं, शेकडो किलोमीटरची चादर असते.

मग त्याच दिवसाचं ७-२-१ बँडचं चित्र लावा (बँड म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीचा ठरावीक पट्टा). यात लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरलेला असतो. धुराचे कण एवढे बारीक असतात की या प्रकाशात धूर जवळपास नाहीसा होतो आणि खालची जमीन दिसते. जळलेलं रान विटकरी-तांबडं, पेटती आग भडक लाल. ढग मात्र जागेवरच राहतो. म्हणजे साध्या चित्रात पांढुरकं होतं आणि ७-२-१ मध्ये गायब झालं, तर तो बहुधा धूर. दोन्हीकडे राहिलं तर ढग किंवा जाड धूळ.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, अरबी समुद्रावर दिसणारा रुपेरी पट्टा. तो सूर्याचं प्रतिबिंब असतो, धूळ नव्हे. टेरा आणि दुपारच्या उपग्रहाच्या चित्रात तो वेगवेगळ्या जागी पडतो, यावरून ओळखा. दोन, टेरावरच्या मोडिस उपकरणाची एका फेरीत दिसणारी पट्टी २,३३० किमी रुंद असल्याने आपल्या अक्षांशावर काही दिवशी मध्ये काळी फट राहते. फट म्हणजे स्वच्छ हवा नाही. व्हिअर्सची पट्टी ३,००० किमीहून रुंद आहे, तिथे फट राहत नाही.

---

नभांश

आगीच्या ठिपक्यांबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

नासाच्या फर्म्स या आगींच्या नकाशावर दोन प्रकारचे ठिपके असतात. मोडिसचा १ किमीचा आणि व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. व्हिअर्सचा एक चौकोन सुमारे १४ हेक्टरचा होतो. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर टाकलेला असतो. आग चौकोनात कुठेही असू शकते. उपग्रहाच्या नजरेच्या कडेला तर हा चौकोन दुपटीहून मोठा होतो. त्यामुळे गुगल मॅपवर ठिपका अमुक एका शेतात पडला म्हणून त्या शेतकऱ्याला दोषी धरू नका. शेजारची चार शेतं आणि बांधही त्याच चौकोनात असतात.

नुसता नकाशा बघण्यापेक्षा सीएसव्ही (तक्त्याची) फाइल उतरवून घ्या. आपल्या भागासाठी चौकट अशी टाका: पश्चिम ७३.९, दक्षिण १५.२, पूर्व ७५.४, उत्तर १६.९. यात खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक आणि घाटाखालची सत्तरी येते. फाइलमधले चार रकाने कामाचे:

वेळ. ही जागतिक वेळ (यूटीसी) असते, साडेपाच तास मिळवायचे. ०८१२ म्हणजे आपली दुपारची १:४२. एक्सेल पुढचं शून्य खातं, मग ८१२ दिसतं. तो रकाना मजकूर म्हणून उघडा.

तारीख. मध्यरात्रीनंतरच्या फेरीला ही चुकते. १२ मार्चच्या पहाटे १:५० ची आग फाइलमध्ये ११ मार्च, २०२० अशी दिसते. यातला २०२० हा वेळेचा आकडा, वर्ष नव्हे. तारीख न बदलता नुसती वेळ बदलली की आग एक दिवस आधी लागल्यासारखी दिसते आणि वाऱ्याशी तिचा मेळच बसत नाही.

खात्री. व्हिअर्समध्ये कमी, सामान्य, जास्त अशा तीन पायऱ्या, मोडिसमध्ये ० ते १००. हिडकलच्या किंवा राकसकोपच्या पाण्यावरून परावर्तन झालं की दिवसा "कमी" खात्रीचे ठिपके येऊ शकतात. पाण्याकाठचा, दिवसाचा, कमी खात्रीचा ठिपका एकटा असेल तर बाजूला ठेवा.

एफआरपी. आगीची उत्सर्जित शक्ती, मेगावॉटमध्ये. पाचटाची आग बहुतेक वेळा एक आकडीच असते. वाळलेल्या गवताच्या डोंगरावर वारा असेल तर आकडा झपाट्याने चढतो.

---

ऊसपट्टा

रायबाग, चिकोडी, अथणी, गोकाक भागासाठी दोन गोष्टी जोडतो.

पहिली. हे तिन्ही व्हिअर्स उपग्रह आपल्यावरून दुपारी साधारण एक ते अडीच आणि रात्री एक ते अडीच या वेळात जातात. पाचट पेटवलं जातं ते ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर. एकराचं पाचट तासाभरात संपतं. म्हणजे दुपारची फेरी होऊन गेलेली असते आणि रात्रीच्या फेरीपर्यंत राख थंड झालेली असते. गाळप हंगामात नकाशावर दिसणारे ठिपके हे खऱ्या आगींचा लहानसा भाग आहेत. "यंदा ठिपके कमी, म्हणजे जाळणं कमी झालं" असं लिहिणाऱ्यांनी ही वेळेची फट आधी विचारात घ्यावी.

दुसरी. वर्षभर एकाच जागी ठिपका येत असेल तर तो कारखाना, विटभट्टी किंवा तसंच काही असतं. फर्म्सच्या जुन्या, तपासून पक्क्या केलेल्या फाइलमध्ये "प्रकार" असा रकाना असतो. ० म्हणजे गवत-झाडांची आग, २ म्हणजे जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत. ताज्या फाइलमध्ये हा रकाना नसतो. म्हणून मागच्या दोन वर्षांची जुनी फाइल घ्या, त्यातले २ प्रकारचे ठिपके वेगळे काढा आणि त्यांच्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ आखून ठेवा. ताजा ठिपका वर्तुळात पडला तर आधी तोच संशय.

---

तंबाखूगाव

निपाणीहून विचारते. सकाळी सहा-सातला धूर इतका असतो की घसा धरतो, पण त्याच दिवशी दुपारच्या चित्रात आकाश स्वच्छ. एरोसोलच्या (हवेतल्या बारीक कणांच्या) नकाशावरही आकडा ०.२-०.३ च्या आसपास. मग उपग्रहावर विश्वास कसा ठेवायचा?

---

सांबराहवा

ताई, उपग्रह बरोबर सांगतो आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे.

तो ०.३ म्हणजे एओडी. जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेच्या खांबात किती कण आहेत त्याची बेरीज. ०.५ असेल तर डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे ६१ टक्के थेट प्रकाश खाली पोचतो, १ असेल तर सुमारे ३७ टक्के. तो खांब उंचीत कसा वाटलेला आहे हे त्या आकड्यात नसतं. थंडीच्या पहाटे जमीन गार पडते आणि तिच्यावर गार हवेचा पातळ थर बसतो, वर गरम हवा झाकण धरते. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर त्या थरात रात्रभर कोंडतो. कण एकूण थोडेच, पण सगळे नाकाच्या उंचीला. दहा-अकराला ऊन तापलं की झाकण उघडतं, तोच धूर एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो आणि दीडच्या चित्रात काही उरत नाही.

त्यामुळे सकाळसाठी जमिनीवरची नोंद लागते. दोन सोप्या वाटा आहेत.

एक, सांबरा विमानतळाचा हवामान संदेश, मेटार. विमानतळाची खूण व्हीओबीएम. त्यात दृश्यमानता मीटरमध्ये असते आणि पुढे दोन अक्षरं: एफयू म्हणजे धूर, एचझेड म्हणजे धुरकट, बीआर म्हणजे विरळ धुकं, डीयू म्हणजे पसरलेली धूळ. तापमान आणि दवबिंदू यांत दोन अंशांपेक्षा कमी फरक असेल तर धुक्याचा वाटा मोठा आहे असं समजा. फरक दहा अंशांचा आणि तरी दृश्यमानता ३,००० मीटर असेल तर ते पाणी नव्हे.

दोन, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचे जवळच्या केंद्राचे पीएम २.५ (बारीक कण) आणि पीएम १० (जाडे धरून सगळे कण) हे दोन मायक्रोग्रॅममधले आकडे. त्यांचा भागाकार करा. पीएम २.५ ÷ पीएम १० हे ०.६ च्या वर असेल तर धुराकडे कल, ०.४ च्या खाली असेल तर धुळीकडे. मधल्या आकड्यावरून काही ठरवू नका. आपल्याकडे महामार्गाचं काम आणि खडीक्रशर एवढे आहेत की दोन्ही मिसळलेलं असतं. तुलनेसाठी, २४ तासांची भारतीय मर्यादा पीएम २.५ ला ६० आणि पीएम १० ला १०० मायक्रोग्रॅम दर घनमीटरला आहे.

---

तंबाखूगाव

म्हणजे आमच्यासाठी दुपारच्या चित्रापेक्षा आदल्या संध्याकाळची माहिती महत्त्वाची. ती कुठे मिळेल?

---

नभांश

इन्सॅट-३डीआर (७४ अंश पूर्व, म्हणजे जवळपास बेळगावच्याच रेखांशावर) आणि इन्सॅट-३डीएस (८२ अंश पूर्व). दोन्ही भूस्थिर, दोन्हींचं चित्र दर अर्ध्या तासाला. इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावर खातं काढून फाइल मिळते, हवामान खात्याच्या रॅपिड पानावर नुसती बघता येतात. अडचण अशी की आग ओळखणारा ३.९ मायक्रॉनचा बँड ४ किमीचा आहे. एकरभर पाचट त्यात दिसणार नाही. पण एका संध्याकाळी एका परिसरात पंधरा-वीस फड पेटले किंवा घाटातला गवताळ सडा (कातळपठार) पेटला, तर तो चौकोन शेजाऱ्यांपेक्षा गरम दिसतो. ३.९ आणि १०.८ मायक्रॉनमधला तापमानाचा फरक काढा आणि आजूबाजूच्या वीस-पंचवीस चौकोनांशी ताडून बघा. ठरावीक आकडा धरू नका. मार्चच्या दुपारी तापलेला कातळसुद्धा फरक दाखवतो. सूर्य मावळल्यावर हा गोंधळ निघून जातो.

---

मांजराकाठ

बिदर-भालकीकडून. इकडे ऊस आहे, तुराट्याही जाळतात, पण मेमध्ये वळवाच्या आधी जी धूळ उठते ती कोणत्याच चित्रात सापडत नाही. आणि आखाताची धूळ खरंच इतकी आत येते का?

---

नभांश

वळवाची धूळ सापडत नाही कारण ती ढगाखाली असते. गडगडाटी ढगातून गार हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि नांगरलेल्या काळ्या रानातली माती उचलते. वरून दिसतो तो त्या ढगाचा माथा. शिवाय सगळं अर्ध्या-पाऊण तासात आटपतं. तिच्यासाठी उपग्रह सोडा, डॉप्लर रडार आणि विमानतळाचे संदेश बघा.

आखात, बलुचिस्तान, सिंध आणि थरची धूळ मात्र येते. जानेवारी २०२२ मधला प्रसंग अनेकांना आठवत असेल. पश्चिमी झंझावातामागून आलेल्या वाऱ्यांनी पाकिस्तानच्या किनाऱ्याकडची धूळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि मुंबईवर आणली, २३ जानेवारीला मुंबई धुरकटली. असा पट्टा दक्षिणेकडे सरकला तर कोकणातून घाट चढून आपल्याकडे येतो, पण तोवर विरळ झालेला असतो. साध्या चित्रात जमिनीवर तो कळतही नाही, कारण आपली तांबडी-करडी जमीन आणि धूळ यांच्या रंगात फरक नाही. आधी समुद्रावर शोधा. निळ्यावर पिवळट पट्टा स्वच्छ उठून दिसतो.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे मेटिओसॅट-९ चं धूळ-चित्र. उपग्रह ४५.५ अंश पूर्वेला, दर १५ मिनिटांनी चित्र, युरोपच्या हवामान-उपग्रह संस्थेच्या युमेटव्ह्यू संकेतस्थळावर फुकट. लाल रंगात १२.० वजा १०.८ मायक्रॉन, हिरव्यात १०.८ वजा ८.७, निळ्यात नुसतं १०.८. खनिज धूळ १०.८ ला जास्त शोषते, १२ ला कमी. त्यामुळे पहिला फरक वाढतो, लाल चढतो आणि धूळ गुलाबी-किरमिजी दिसते. औष्णिक बँड असल्याने रात्रीही चालतं. एक सावधगिरी: हवेत बाष्प जास्त असेल तर तोच फरक उलटा होतो आणि गुलाबी रंग दबतो. जूननंतर किनाऱ्याजवळ म्हणूनच धूळ असून दिसत नाही. धूर मात्र या चित्रात कधीच शोधू नका, त्याचे बारीक कण या तरंगलांबीला आरपार असतात.

इन्सॅटला ८.७ चा बँड नाही. तिथे १०.८ वजा १२.० अशी दोन औष्णिक बँडची वजाबाकी करून ऋण आकडा कुठे येतो एवढंच बघता येतं.

---

ऊसपट्टा

एरोसोल इंडेक्सचं (हवेतल्या कणांच्या निर्देशांकाचं) काय? युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहाच्या नकाशावर तो शून्याजवळ असेल तर धूर नाही असं धरतात बरेच जण.

---

नभांश

तसं धरू नये. तो निर्देशांक अतिनील प्रकाशावर चालतो. खालून हवेचे रेणू जो प्रकाश वर उधळतात तो धूर किंवा धूळ किती शोषते, हे तो मोजतो. थर जेवढा उंच, तेवढी त्याच्याखाली हवा जास्त, तेवढा आकडा मोठा. जमिनीलगत एक किलोमीटरच्या आत कोंडलेल्या पाचटाच्या धुराखाली हवाच नसते, म्हणून आकडा शून्याजवळ राहतो. उलट तीन-चार किलोमीटरवरून जाणारी धूळ थोडी असली तरी चटकन दिसते. आकडा मोठा असेल तर वर काहीतरी आहे हे नक्की, लहान असेल तर खालचं काही कळत नाही. चकाकत्या जमिनीवर आणि ढगावरही तो चालतो हा त्याचा मोठा गुण.

धूर की धूळ हे ठरवायला त्याच उपग्रहाचा कार्बन मोनॉक्साइडचा थर लावा. तो वायू जळण्यातून मोठ्या प्रमाणात येतो, धुळीतून येत नाही. निर्देशांक चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड आजूबाजूसारखाच, तर धूळ. दोन्ही एकाच आकारात चढलेले, तर धूर. एकेका फडाची आग यात उमटत नाही, निर्देशांकाचा चौकोनच ५.५ × ३.५ किमीचा आहे आणि कार्बन मोनॉक्साइडचा ५.५ × ७ किमीचा. मोठ्या वणव्याला आणि दूरवरून आलेल्या धुराला ही कसोटी उत्तम.

---

कणकुंबीसडा

घाटातल्या आगीबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. भीमगड, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात आग बहुतेक वेळा जमिनीलगत, पाचोळ्यात सरकते. वर झाडांचं छत असतं. व्हिअर्सला ती दिसत नाही किंवा फक्त रात्री, आजूबाजू गार झाल्यावर, एखादा ठिपका येतो. म्हणून घाटातल्या रात्रीच्या एकट्या ठिपक्याला मी दिवसाच्या तीन ठिपक्यांपेक्षा जास्त वजन देतो.

आग होऊन गेल्यावर क्षेत्र मोजायचं तर सेंटिनेल-२ उपग्रह. त्याची चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर बँड १२, ८ए, ४ असा मेळ लावा. मग आधीच्या आणि नंतरच्या चित्राचा एनबीआर (जळाल्याचा निर्देशांक) काढा: (बँड ८ए − बँड १२) ÷ (बँड ८ए + बँड १२). आधीच्यातून नंतरचा वजा करा. ०.१ च्या खालचा फरक सोडून द्या, ०.२७ च्या वरचा असेल तर मध्यम किंवा तीव्र जळाल्याचं चिन्ह. या कोष्टकाचा जन्म अमेरिकेतल्या जंगलांत झाला आहे आणि आपल्याकडे एक गोष्ट त्याला चकवते: पानगळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, किंजळ, नाणा यांची पानं गळतात आणि आग न लागताही एनबीआर घसरतो. जानेवारीचं चित्र "आधी" म्हणून घेतलंत तर अर्धा खानापूर तालुका जळाल्यासारखा दिसेल. "आधीचं" चित्र आगीच्या दहा दिवसांच्या आतलं घ्या. ते ढगाळ असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यातलं.

सड्यावरचं गवत जळालं तर काळा डाग पहिल्या पावसानंतर हिरव्याने झाकला जातो. मोजणी मेअखेरपर्यंत उरका.

---

सांबराहवा

आता वारा. ठिपका आणि धूर यांचं नातं वाऱ्याशिवाय सिद्ध होत नाही.

अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या हायस्प्लिट मॉडेलवर उलटा मार्ग, म्हणजे हवा कुठून आली ते, काढा. बिंदू १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व (बेळगाव). उंची जमिनीपासून १००, ५०० आणि १,५०० मीटर अशा तीन. धुरासाठी २४ तास मागे, धुळीसाठी ७२. वेळ पुन्हा जागतिकच टाकायची. तिन्ही रेषा एकाच दिशेने आल्या तर उगमावर विश्वास ठेवा. १०० मीटरची रेषा पूर्वेकडून आणि १,५०० ची समुद्रावरून आली असेल तर खाली पाचटाचा धूर आणि वर धूळ असे दोन थर असू शकतात. तिथे एकच नाव देऊन चालत नाही.

मॉडेलची मर्यादा लक्षात ठेवा. जागतिक मॉडेलची चौकट सुमारे २५ किमीची, त्यात सह्याद्रीची कडा सपाट होऊन जाते. चोर्ला घाटाचा वारा त्याला कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी पूर्वेचा वारा धूर घाटाखाली गोव्याकडे नेतो, दुपारनंतर खारा वारा घाट चढतो आणि धूर उलट वर येतो. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते. अशा आगीचा धूर एकाच दिवसात दोन्ही दिशांना जाऊ शकतो. पन्नास किलोमीटरच्या आतल्या आगीसाठी हायस्प्लिट बाजूला ठेवा. सांबरा आणि दाबोळी या दोन मेटारमधली वाऱ्याची दिशा तासातासाला लिहून काढा. सांबऱ्याचा वारा पश्चिमेला फिरल्याची वेळ आणि धूर आल्याची वेळ जुळली की काम झालं.

---

तंबाखूगाव

घाटात ठिपका खरा वाटला तर कळवायचं कुणाला आणि काय लिहून?

---

कणकुंबीसडा

वनखात्याचं जवळचं रेंज ऑफिस. स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून जागा काढता येत नाही. एका ओळीत लिहा: अक्षांश-रेखांश दशांशात चार घरांपर्यंत, भारतीय वेळ, उपग्रहाचं नाव, खात्री, एफआरपी आणि जवळचं गाव. उदाहरणाचा साचा: "१५.६०१२, ७४.३१४५, पहाटे १:५०, नोआ-२०, सामान्य, ६ मेगावॉट, अमुक गावाच्या पश्चिमेला अंदाजे २ किमी, ठिपका ४०० मीटर इकडेतिकडे असू शकतो." शेवटचा भाग गाळू नका. तो नसला की रक्षक नेमक्या बिंदूवर जातो, तिथे काही दिसत नाही आणि पुढच्या वेळी तुमचा निरोप बाजूला पडतो.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल नोंदवला तर निवडलेल्या भागातल्या जंगलहद्दीतल्या ठिपक्याचा एसएमएस येतो. त्यात शेतातल्या आगी आधीच गाळलेल्या असतात. पण उपग्रह गेल्यापासून माहिती हाती येईपर्यंत तीनेक तास जाऊ शकतात. रात्री दीडचा ठिपका साडेचारला कळतो. तोवर आग धारेच्या पलीकडे गेलेली असू शकते, म्हणून निरोपात त्या वेळचा वारा कोणत्या दिशेचा होता तेही लिहा.

---

मांजराकाठ

कायमच्या उष्ण जागांभोवतीच्या वर्तुळांची यादी बिदर, भालकी, औरादसाठी मी करून टाकतो. चौकट पश्चिम ७६.७, दक्षिण १७.५, पूर्व ७७.७, उत्तर १८.५ धरतो आहे. चिकोडी-रायबागची ऊसपट्टा यांनी टाकावी, म्हणजे हंगामाआधी कारखाने आणि भट्ट्या दोन्हीकडच्या वेगळ्या निघतील.